वाट्यातली मुशी

"आमच्या बंदरात गेल्या तीन वर्साक मुशी चौपट झाली आसा," बाबा म्हणाले आणि थांबले. हातात माइक म्हणून टॉर्च धरली होती.

"झाली आहे म्हणा, बाबा. दिल्लीचो सायब येतलो."

"दिल्लीच्या सायबाक आसा काय नि आहे काय! तेका खय मराठी कळता?"

"कळता. अकोल्याचो आसा तो."

बाबांनी टॉर्च खाली ठेवली. "अकोल्याक समुद्र आसा?"

"नाय."

"मगे बराच झाला. आमी सांगू ता तेका पटात."

माझे वडील भिकाजी कोयंडे हे खारेबंदर मच्छीमार सोसायटीचे सतरा वर्षं चेअरमन. मी त्यांची एकुलती एक मुलगी, वैजयंती. तेव्हा तीस वर्षांची होते, मासळीच्या विषयात एम.एस्सी. झाले होते, आणि स्वतःला सगळ्या किनाऱ्यावरची हुशार बाई समजत होते. तालुक्याच्या मत्स्य संशोधन केंद्रात कंत्राटावर नोकरी होती. काम एवढंच, की रोज सकाळी लिलावाला उभं राहायचं, आलेली मासळी जातवार मोजायची आणि महिनाअखेर तक्ता वर पाठवायचा. या गोष्टीला विसाहून जास्त वर्षं झाली, पण त्या दोन दिवसांतलं बोलणं न बोलणं मला अजून तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी बंदरात सुनावणी होती. कारण सांगते. वन्य प्राण्यांच्या व्यापाराबद्दल देशोदेशींचा एक करार आहे. दर काही वर्षांनी सगळे देश जमतात आणि कोणत्या जातींच्या व्यापारावर बंधन घालायचं ते ठरवतात. त्या खेपेला यादीत मुशीची, म्हणजे शार्कची, एक जात चढली होती. पाठीवर फिकट पट्टा असलेली ही मुशी आमच्या बंदरात पुष्कळ येई आणि तिचे वाळवलेले पंख परदेशी जात. आता ते परवान्याशिवाय जाणार नव्हते, आणि परवाना हवा तर मुशी संपत चाललेली नाही हे दाखवून द्यावं लागणार होतं.

पण करारातच एक पळवाट आहे. यादी ठरल्यापासून नव्वद दिवसांच्या आत एखाद्या देशानं लेखी कळवलं, की ही जात आम्हाला मान्य नाही, तर तेवढ्या जातीपुरता तो देश करारात नसल्यासारखाच. वाघाला, हत्तीला बांधील, मुशीपुरता मोकळा. काहीच कळवलं नाही तर आपोआप बांधील. आमचे पंख जिथे जात त्या देशानं पहिल्याच आठवड्यात तसं कळवून टाकलं होतं. आपल्या सरकारनंही कळवावं, म्हणजे पंख पूर्वीसारखे जातील, असा बाबांच्या सोसायटीचा अर्ज होता. सुनावणीचा दिवस चौसष्टावा होता.

आणि त्या अर्जाचा सगळा भार माझ्या आकड्यावर होता. आमचे केंद्रप्रमुख डॉ. कारखानीस यांनी दिल्लीला टिपण पाठवलं होतं : खारेबंदरात या मुशीची आवक तीन वर्षांत चौपट, त्यामुळे बंधनाला आधार नाही. खाली बारीक अक्षरात, "नोंद : वै. भि. कोयंडे." ते बारीक अक्षर मी किती वेळा वाचलं असेल! बाबांनी तर त्या पानाची झेरॉक्स सोसायटीच्या भिंतीवर लावली होती.

बाबांनी पुन्हा टॉर्च उचलली. "आनि मगे मी सांगतलंय, ह्यो आकडो माझ्या चेडवान मोजल्यान. हेच्या आधी थय तो परुळेकर कारकून येय. तो लिलावात मांडलेली मोठी मुशी मोजी नि चाय पियाक जाय. बायांचे वाटे कोण मोजी? कोण नाय! माझ्या वैजून एक वाटो सोडल्यान नाय."

मी कौतुकानं ऐकत होते. मग हसू तोंडावर तसंच राहिलं.

मोठी मुशी लिलावघराच्या फरशीवर ओळीनं मांडतात आणि नगावर बोली लागते. हातभर पिल्लं मात्र बोलीत येतच नाहीत. बाया ती उचलून नेतात, पाच-सहा पिल्लांचा एक वाटा लावतात आणि कालवणासाठी विकतात. सरकारी माणसाच्या लेखी वाटा म्हणजे मुशी नव्हे. माझी आई मात्र जन्मभर वाट्यांवर बसली. ती पिल्लं त्याच मुशीची, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. म्हणून मी नोकरी लागल्या दिवसापासून बायांच्यात बसकण मारून एकेक पिल्लू मोजलं आणि सगळ्यांची बेरीज एकाच रकान्यात टाकली. परुळेकरच्या शेवटच्या वर्षाचा आकडा वर, माझे तीन वर्षांचे खाली. चौपट व्हायला दुसरं काय हवं होतं? मुशी वाढली नव्हती, मोजणारी बदलली होती.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. माका केंद्रात जावचा आसा."

माझ्या दैनंदिन वह्यांमध्ये मोठी आणि वाट्यातली अशी वेगळी नोंद होती, तेवढी अक्कल देवानं दिली होती. दुपारभर बसून दोन्ही वेगळ्या केल्या. परुळेकरच्या शेवटच्या वर्षी मोठी मुशी सहाशे चाळीस. माझ्या पहिल्या वर्षी पाचशे दहा, दुसऱ्या वर्षी तीनशे तीस, तिसऱ्या वर्षी एकशे नव्वद. पिल्लं तेवढी वाढत गेलेली. ती का वाढली हेही मला माहीत होतं. बाहेर मोठी मिळेना, म्हणून होड्या खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायला लागल्या होत्या, आणि मुशी पिल्लं घालायला तिथेच येते.

पाच वाजता मी विश्रामगृहावर गेले. कारखानीस सर सुनावणीसाठी तिथे उतरले होते, व्हरांड्यात चहा घेत होते. चांगला माणूस. मला नोकरी त्यांनीच दिली होती, आणि बाई माणूस रोज पहाटे बंदरावर कशी जाणार म्हणणाऱ्यांना गप्पही त्यांनीच केलं होतं. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"वैजयंती, तुमचा चौपटीचा आकडा खोटा आहे का?"

"आकडा खरा आहे, सर. त्याचा अर्थ खोटा आहे."

"मग सुधारित टिपण पाठवू. चार महिन्यांत."

"नव्वद दिवस सत्तावीस दिवसांत संपतायत, सर."

"कळवलेली नामंजुरी नंतर मागे घेता येते."

"कोण घेतं मागे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या महिन्यात तुमची मुलाखत आहे. कायम होण्याची. समितीत मी आहे, आणखी दोघं आहेत. ज्या बाईच्या तक्त्यावर केंद्रानं दिल्लीला टिपण पाठवलं, तीच भर सभेत तक्ता चुकला म्हणाली, असं त्यांना मी सांगू का? मी हे धमकी म्हणून बोलत नाही."

"मग काय म्हणून बोलताय, सर?"

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो न पिता उठले, आणि हा उद्धटपणा मला आजही टोचतो.

घरी आले तर बाबा पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. आई म्हणाली, "सकाळपासून तिसरी खेप. शर्ट जाळतले आता." मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, मला भीती नोकरीची कमी आणि त्या शर्टाची जास्त वाटत होती. सातवी शिकलेल्या माणसानं मुलीला एम.एस्सी. केलं, त्यावर बंदरात लोक हसले, आणि उद्या तो दोनशे लोकांसमोर तिचं नाव घेणार होता. मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

सुनावणी बर्फ कारखान्याच्या वर, सोसायटीच्याच हॉलमध्ये होती. दिल्लीचे पुंडकर साहेब म्हणजे पन्नाशीचा किडकिडीत माणूस. मासळीच्या वासानं नाकाला रुमाल लावून बसले होते, आणि आपण रुमाल लावलाय हे लक्षात आलं की ओशाळून तो खाली घेत होते. कारखानीस सरांनी टिपण वाचलं. मुशी चौपट, बंधनाला आधार नाही. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

पुंडकरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सभेला विचारलं, "मला मासळीतलं काही कळत नाही, तेव्हा अडाण्यासारखं विचारतो. ही मुशी असते केवढी?"

दोनशे माणसांनी एकदम हात वर केले. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी दोन्ही हात पसरले ते शेजाऱ्याच्या तोंडावर जाईपर्यंत. मागच्या पोरांनी कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं. साहेबांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"अहो, नक्की एकाच माशाबद्दल बोलताय ना?"

सगळे हसले. मी हसले नाही. मग बाबा उठले.

फार चांगलं बोलले. "आहे" सुद्धा आठवणीनं म्हणाले. पंखांवर किती घरं उभी आहेत ते सांगितलं, वादळात गेलेल्या होड्यांचं सांगितलं. शेवटी भिंतीकडे हात केला, तिथे माझ्या नावाची झेरॉक्स होती. "साहेब, हा आकडा हवेतला नाही. मोजणारी माझी मुलगी आहे. वैजू, उभी रव बघू. सायबांका दिसांदे."

मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर बसायचं असतं, मी बसले नाही.

"साहेब, तो आकडा मी मोजलाय, पण त्यातून जे काढलंय ते चुकीचं आहे," मी म्हणाले. "मुशी वाढलेली नाही. माझ्या आधी वाट्यातली पिल्लं मोजत नव्हते, मी मोजली आणि मोठ्यांत मिसळली. चूक माझी आहे. मोठी मुशी सहाशे चाळीसवरून एकशे नव्वदवर आलीय. पुढे बसलेत त्यांनी दाखवली ती मुशी हे बंदर विसरत चाललंय. मागच्या मुलांनी दाखवलं ते पिल्लू आहे, आणि ते त्यालाच मुशी समजतात."

पुढचे म्हातारे मागे वळून पोरांकडे बघायला लागले. मग हॉल उसळला. तीन ट्रॉलरचा मालक दामोदर गिरकर बाकावर चढून ओरडला, "चेअरमनाच्या घरातच फितुरी! बापाशीन अर्ज करूचो नि चेडवान फाडूचो!" कोणीतरी झेरॉक्स भिंतीवरून ओढून काढली. मी बाबांकडे पाहत होते आणि बाबा कोणाकडेच पाहत नव्हते.

पुंडकरांनी टेबलावर हात आपटला. "चेअरमन, अर्जावर सही तुमची आहे. तुमचं काय म्हणणं?"

बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. प्रमाण मराठी त्यांनी तिथेच सोडून दिली.

"माका ता नामंजुरीचा पत्र व्हया, सायब. आजव व्हया. पंख बंद झाले तर ह्या लोकांच्या तोंडाक मी काय सांगू? पण माझा भाषण आकड्यार होता, नि आकडो तिचो. तिनाच सांगल्यान चुकलो, म्हणजे चुकलो. तीन वर्सा पाऊस असो काय थंडी असो, फाटफटी उठान ती वाट्यार बसली हा. ह्या हॉलात तिच्यापेक्षा जास्त मुशी कोणी मोजली आसात तर तेना हात वर करूचो."

एकही हात वर झाला नाही. गिरकर बाकावरून खाली उतरला.

"तर मगे अर्जातली चौपटीची ओळ काढा," बाबा म्हणाले. "खोट्या आकड्यार माझी सही नको. बाकीचा काय ता तुमी ठरवा." त्यांनी पुढे जाऊन साहेबांचं पेन घेतलं, ती ओळ स्वतः खोडली, बाजूला आद्याक्षरं केली आणि जागेवर येऊन बसले.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अभिमान हा शब्द अपुरा आहे. माझ्या हातात पदवी होती म्हणून मी खरं बोलले, हे काही मोठं नाही. त्या माणसाच्या हातात काहीच राहणार नव्हतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"बाई, हे सगळं लिहून द्या," पुंडकर म्हणाले. "आत्ता, इथेच."

मी लिहायला बसले. कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसलं. कारखानीस सर होते.

"नुसतं चुकलं म्हणून लिहू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "मोठ्या मुशीचे आकडे वर्षवार द्या. पिल्लांचा तक्ता वेगळा. नाहीतर दिल्लीत कोणाला कळणार नाही." मग स्वतःचं पेन काढून, "आणि खाली जागा ठेवा. मलाही सही करायची आहे."

घरी जाताना बाबा पुढे, मी मागे. पुलावर आल्यावर म्हणाले, "आदी सांगूचा होता माका."

"सांगलंय आसतंय तर काय केलं आसतंत?"

"भाषण पाठ करूचो तरास वाचलो आसतो." आणि पुढे चालू लागले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पंधरा दिवसांत सोसायटीची सभा झाली, बाबांवर अविश्वास आला आणि गिरकर चेअरमन झाला. सतरा वर्षांची खुर्ची दहा मिनिटांत गेली. आईच्या टोपलीकडे दोन-तीन घरच्या बाया फिरकेनाशा झाल्या. माझी मुलाखत झाली. कारखानीस सरांनी माझ्या बाजूनं मत दिलं, असं मागाहून कळलं. बाकी दोघांनी दिलं नाही. कंत्राट संपलं आणि मी सावंतवाडीच्या कॉलेजात अर्ज टाकला. पुढे एकोणीस वर्षं तिथेच शिकवलं. दिल्लीहून एक ओळही आली नाही. आमच्या त्या कागदाची पुडी बांधली असेल, असं मी धरून चालले होते.

नव्वदावा दिवस शनिवारी पडला. सोमवारी सकाळी मी बाजारातल्या एसटीडी बूथवर निघाले, तर बाबा ओट्यावर चपला घालत होते. "मियाव येतंय," म्हणाले आणि माझ्याबरोबर निघाले. कुठे जातेय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

फोन चार वेळा इकडून तिकडे फिरला. शेवटी पुंडकर लाइनवर आले. मी नाव सांगितलं.

"हां, वाट्यावाल्या बाई! बोला."

"साहेब, शनिवारी मुदत संपली. आपण काय कळवलं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही पाठवलंच नाही. पत्राचा मसुदा तयार होता, सहीला ठेवला होता. फाइलीत त्याच्या वर तुमचा दोन सह्यांचा कागद होता. वरच्यांनी तो वाचला आणि फाइल परत आली. त्यावर शेरा एवढाच, की पाठवू नये. ठेवू का?"

मी बूथचं दार ढकलून बाहेर आले. बाबा रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते.

"पाठवल्यानी?"

"नाय. पत्र गेलाच नाय, बाबा. माझो कागद वाचल्यानी नि पत्र ठेवन दिल्यानी."

त्यांचा चेहरा हळूहळू असा फुलला, की मला रस्त्यातच रडू आलं.

"पण तुमका तर व्हया होता ना ता पत्र?" मी नाक पुसत विचारलं.

"व्हया होता. अजून व्हया. पुढे काय होतला ता माका म्हायत नाय." त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला. "पण दिल्लीन तुझा ऐकल्यान मा?"

तिथून ते तडक खाज्याच्या दुकानात शिरले. गूळ-आल्याचा मालवणी खाजा, दोन किलो. मी म्हटलं घरी तीन माणसं, कोण खाणार? ते पिशवी घेऊन थेट बंदरावर गेले, लिलाव नुकता आटपला होता तिथे, आणि ज्यांनी त्यांच्याविरुद्ध हात वर केले होते त्यांच्यापासूनच वाटायला सुरुवात केली. लोक बुजले, पण खाजा कोण नाही म्हणणार!

गिरकर नव्या खुर्चीत बसला होता. त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय रे भिकाजी, चेडवाचा लग्न ठारला?"

"नाय."

"मगे कसलो ह्यो खाजो?"

"सरकारान काय केल्यान नाय," बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "म्हणान वाटतंय."

गिरकरला सगळं कळलं होतं, त्याच्या पंखांच्या व्यापाराचं काय झालं तेही. मग त्यानं ओंजळ पुढे केली, आणि बाबांनी ती शिगोशीग भरली.